पैलवानाची उपजीविका : माढ्याकडून पाहताना

माढा, मोहोळ, करमाळा, माळशिरस या पट्ट्यातील गावांची जत्रा कुस्त्यांच्या मैदानाशिवाय पुरी होत नाही. पालखी निघून जाते, शोभेची दारू उडून जाते, आणि मग दुपार कलल्यावर सारा गाव एका मोकळ्या वावराभोवती कडे करून बसतो. हलगी कडाडू लागते. आरंभी लहान पोरांच्या कुस्त्या होतात. त्यांचे इनाम म्हणजे एखादा नारळ किंवा ओंजळभर रेवड्या. ऊन उतरत जाते तशी रक्कम चढत जाते. दिवस मावळायच्या बेताला, पंचांच्या शिट्टीवर, शेवटची मोठी जोड आत येते.

या मैदानाचे एक वैशिष्ट्य आम्हांला नेहमी विचारात पाडते. येथे कुस्तीची ओळख तिच्या रकमेने होते. 'शंभराची कुस्ती', 'हजाराची कुस्ती', 'लाखाची कुस्ती' असेच पुकारले जाते आणि असेच पुढे वर्षानुवर्षे सांगितले जाते. इनाम देणाऱ्याचे नाव आधी येते, रक्कम नंतर, आणि लढणाऱ्यांची नावे कित्येकदा सर्वांत शेवटी. तरीही त्याच मैदानात, त्याच तोंडाने, पैलवानाला मारुतीचा भक्त, ब्रह्मचारी, निरिच्छ साधक म्हणून गौरवले जाते. म्हणजे एकीकडे आपण त्याची किंमत मोठ्याने पुकारतो आणि दुसरीकडे त्याने पैशाचे नाव काढू नये अशी अपेक्षा धरतो. प्रस्तुत लेखात आम्हांला या विसंगतीचा थोडा इतिहास पाहायचा आहे. पैलवान खातो काय, त्याला कोण खाऊ घालतो, आणि तिशी उलटल्यावर, गुडघे बोलू लागल्यावर, त्याचे काय होते, हे ते साधे प्रश्न.

हे प्रश्न केवळ आपल्याच मातीतले नाहीत, म्हणून आधी जरा दूर जाऊ. इंग्लंडातील रग्बी या खेळात 'प्रॉप' नावाची एक जागा असते. प्रॉप म्हणजे टेकू. दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी एकमेकांत खांदे रुतवून चेंडूसाठी रेटारेटी करतात, त्या रचनेला स्क्रम म्हणतात. तिच्या पहिल्या फळीत तिघे असतात. मधल्याच्या दोहों अंगांना जे दोन धिप्पाड गडी आधार देऊन उभे असतात ते प्रॉप. मागच्या पाच जणांचा रेटा आणि समोरच्या आठ जणांचा दाब यांच्यामध्ये त्यांची मान व पाठ सापडलेली असते. पळत जाऊन गुण मिळवणारा गडी वेगळाच असतो. टाळ्या त्याच्या वाट्याला येतात. प्रॉपची खूण म्हणजे चेंगरून चेंगरून गड्ड्यासारखा झालेला कान. आपल्या तालमीतल्या पैलवानाचा मोडलेला कान ज्याने पाहिला आहे त्याला या दोघांचे गोत्र एकच आहे हे सांगावे लागत नाही.

रग्बीने पैशाचा प्रश्न कसा हाताळला हे पाहण्याजोगे आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडील संघांत खाणकामगार व गिरणीकामगार खेळत. शनिवारी खेळायला जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, एवढीच उत्तरेची मागणी होती. दक्षिणेतील सुखवस्तू मंडळींना तेवढ्यानेही खेळ विटाळेल असे वाटले. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील एका हॉटेलात वीसहून अधिक संघांनी वेगळी चूल मांडली, आणि एका दिवसाच्या बुडीत मजुरीपोटी सहा शिलिंग देण्यास मान्यता दिली. त्यातून पुढे रग्बी लीग हा निराळा खेळ जन्मला. मूळच्या रग्बी युनियनने मात्र 'हौशी' व्रत आणखी शंभर वर्षे पाळले. ते सुटले १९९५ च्या ऑगस्ट महिन्यात, पॅरिसच्या बैठकीत.

या दोन्ही काळांत खेळलेला एक प्रॉप म्हणजे जेसन लेनर्ड. पूर्व लंडनकडचा हा गडी पेशाने सुतार. १९९० मध्ये तो इंग्लंडच्या संघात आला तेव्हा खेळाचे वेतन घेण्यास बंदी होती. २००४ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा तो पगारी व्यावसायिक होता. मधल्या काळात मानेच्या मणक्यातील चकती फुटून त्याच्यावर १९९२ साली शस्त्रक्रिया झाली, कमरेचे हाड काढून मानेत बसवावे लागले, आणि तरीही तो परतला. इंग्लंडकडून तो ११४ सामने खेळला. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही तो उतरला होता. मान तीच, दाबही तोच. १९९५ च्या आधी त्याची भरपाई सन्मानाने होई, नंतर पगाराने होऊ लागली, इतकाच काय तो फरक. लेनर्डचा खेळ पैशाने विटाळला असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता घरी येऊ. आपल्याकडे हौशी आणि धंदेवाईक असा भेद मुळात नव्हता. भेद होता तो आश्रय असलेला आणि आश्रय नसलेला यांच्यात. १८९४ ते १९२२ या काळात कोल्हापूरच्या गादीवर असलेल्या शाहू छत्रपतींनी मल्लविद्येला जो आश्रय दिला त्याला महाराष्ट्रात तोड नाही. रोम येथील प्राचीन आखाडा पाहून त्यांच्या मनात खासबाग मैदानाची कल्पना आली आणि १९१२ च्या सुमारास ते उभे राहिले. कोठेही बसले तरी हौदातली कुस्ती स्वच्छ दिसावी अशी त्याची उतरती रचना आहे. परंतु मैदानापेक्षाही महत्त्वाचा होता तो खुराक. दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा रोजचा खर्च, राहण्यासाठी तालीम, शिकवायला वस्ताद, हे सर्व राजाने उचलले. उत्तरेतील नामांकित मल्ल कोल्हापुरास येऊ लागले. पैलवानाने जोर-बैठका माराव्यात, माती घुसळावी, डाव घोटावेत. पोटाची चिंता दुसऱ्याने वाहावी, अशी ती व्यवस्था होती.

माढ्याकडच्या पोराला कोल्हापूर गाठणे तेव्हा वाटते तितके अवघड नव्हते. तालुक्यातील कुर्डुवाडी हे बार्शी लाइट रेल्वेचे ठाणे. अडीच फुटी रुळांची ही छोटी गाडी १८९७ मध्ये बार्शीकडे धावू लागली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोहोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला जाऊन भिडली. मिरजेहून कोल्हापूरची गाडी त्याआधीपासून होतीच. वारकऱ्यांसाठी आणि मालासाठी घातलेल्या या रुळांनी भीमेकाठ पंचगंगेकाठाशी जोडला. पर्जन्यछायेतील या मुलखात, जेथे ज्वारी पिकली तर पिकली, तेथे रोजचे दोन लिटर दूध आणि मूठभर बदाम एका पोराच्या पोटात घालणे कोणत्या घराला परवडणार? म्हणून ज्याच्या अंगात कुवत दिसे त्याने दूरच्या तालमीत जावे आणि तिथल्या आश्रयावर वाढावे, हाच मार्ग उरे. दुष्काळी भागाने माणूस द्यायचा आणि सुपीक भागाने खुराक द्यायचा, असा हा अलिखित करार होता म्हणा ना.

हा करार कोठे मोडला हे पाहायचे तर खाशाबा जाधवांच्या चरित्राकडे वळावे लागते. खाशाबा माढ्याचे नव्हेत. १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरात, पैलवानाच्याच घरात ते जन्मले. परंतु महाराष्ट्रातील प्रत्येक तालमीत आज त्यांची तसबीर आढळते, आणि आमच्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर त्यांच्या आयुष्यातील दोन प्रवासखर्चांत दडलेले आहे.

पहिला प्रवास १९४८ चा, लंडन ऑलिंपिकचा. तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. मातीत वाढलेला हा गडी तेथे गादीवर लढला आणि सर्वांत हलक्या वजनगटात सहावा आला. दुसरा प्रवास १९५२ चा, हेलसिंकीचा. या दोन तारखांच्या मध्ये एक तिसरी तारीख आहे, ती सहसा कुस्तीच्या पुस्तकांत येत नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थान गेले ते योग्यच झाले, त्याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. परंतु संस्थानाबरोबर त्याची एक जबाबदारीही गेली आणि ती उचलायला लगेच कोणी पुढे आले नाही. चार वर्षांपूर्वी ज्याला राजाने पाठवले त्याला आता वर्गणी मागत फिरावे लागले. गावकऱ्यांनी दिले, दुकानदारांनी दिले, तरी रक्कम पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत खाशाबांनी ५७ किलो गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. नंतर जपानच्या शोहाची इशीशी त्यांची दीर्घ झुंज झाली. ती ते हरले, आणि इशी पुढे सुवर्णपदकाचा धनी झाला. त्या झुंजीपाठोपाठ, पुरती विश्रांती न मिळता, त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढण्यास बोलावले गेले, आणि नियमावर बोट ठेवून हरकत घेणारा कोणी भारतीय अधिकारी त्या क्षणी तेथे नव्हता, असे सांगितले जाते. तरीही कांस्यपदक हाती आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ च्या लिअँडर पेसपर्यंत चव्वेचाळीस वर्षे, आणि कुस्तीतील पुढच्या पदकासाठी २००८ च्या सुशीलकुमारपर्यंत छप्पन्न वर्षे थांबावे लागले.

कऱ्हाडला त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली. शंभराहून अधिक गाड्या होत्या. हे दृश्य सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते मिरवणुकीनंतर घडलेले. प्राचार्यांचे घर अजून गहाणच होते. पदक सोन्याचे असो वा कांस्याचे, सावकार ते घेत नाही. म्हणून खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, जिंकले आणि त्या पैशांतून ते घर सोडवण्यासाठी रक्कम दिली.

या प्रसंगावर आम्ही मुद्दाम थांबतो. ऑलिंपिकच्या तत्कालीन नियमांत खेळाबद्दल पैसे घेणे हा जवळजवळ गुन्हा होता. किरकोळ रकमेसाठी बेसबॉल खेळला म्हणून अमेरिकेच्या जिम थॉर्पची १९१२ ची दोन सुवर्णपदके पुढच्याच वर्षी काढून घेतली गेली होती. अशा जगाचे पदक घेऊन आलेला एक मराठी माणूस घरी येताच तिकिटाच्या मैदानात उतरतो, आणि ते स्वतःच्या चैनीसाठी नव्हे, गुरुजनाचे छप्पर परत मिळवण्यासाठी. खेळाला पैशाने विटाळ होतो असे मानणाऱ्यांनी या प्रसंगाचे काय करायचे ते ठरवावे. आमच्या मते खाशाबांच्या साऱ्या कुस्त्यांत ही कुस्ती कोणत्याही पदकाहून कमी मोलाची नाही. गंमत अशी की तिची नोंद कोणत्याही अधिकृत कोष्टकात सापडणार नाही.

पुढचे आयुष्य उपजीविकेच्याच अंगाने गेले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढचे ऑलिंपिक हुकले. सत्तावीस वर्षांची नोकरी करून ते सहाय्यक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. हयातीत एकही पद्म सन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही. अर्जुन पुरस्कारदेखील निधनानंतर दीड दशक उलटल्यावर आला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव मिळाले, आणि २०२३ मध्ये १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा राज्य क्रीडादिन ठरला. माढ्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी त्यांच्यावर चित्रपट हाती घेतला हेही येथे नोंदवू. नावे देणे, दिवस ठरवणे, पुतळे उभारणे यांत आपण उशिरा का होईना तत्पर असतो. घर गहाण असते तेव्हा मात्र एखाद्या प्राचार्यालाच पुढे यावे लागते.

राजा गेल्यावर पोकळी कायमची राहिली असे नाही. ती हळूहळू तीन गोष्टींनी भरली. पहिली म्हणजे स्पर्धा. १९५३ मध्ये राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि १९६१ पासून 'महाराष्ट्र केसरी' हा किताब सुरू झाला. त्याआधी १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले आणि १९६० मध्ये गणपत आंदळकरांनी तो मान मिळवला. किताबामुळे पैलवानाच्या इनामाला आधार आला. 'केसरी' म्हटले की जत्रेतली रक्कम आपोआप चढे. दुसरी गोष्ट सहकारी साखर कारखाने. वारणेसारख्या कारखान्यांनी मल्लांना मानधन देण्याची प्रथा पाडली आणि स्वतःची मोठी मैदाने भरवली. राजवाड्याची जागा कारखान्याच्या धुराड्याने घेतली म्हणायला हरकत नाही.

माढ्याच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता. तालुक्यातच उजनी येथे भीमेवर धरण झाले, १९८० च्या सुमारास ते पुरे झाले, आणि कालव्याचे पाणी जेथे पोहोचले तेथे ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. उसापाठोपाठ कारखाने आले. ज्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पोरे दुसऱ्याच्या खुराकावर वाढवली त्याच्या स्वतःच्या गोठ्यात आता दूध आले. तरी याच पाण्याखाली कित्येक गावांच्या जमिनी गेल्या हे विसरता येत नाही. आणि ज्याच्या शेतापर्यंत कालवा पोहोचलाच नाही त्याचा मुलगा अजूनही जुन्याच हिशेबात अडकलेला आहे.

तिसरी गोष्ट सरकारी नोकरी. ओळीने तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव आणि त्यांच्यानंतर तोच पराक्रम करणारे विजय चौधरी यांना पोलीस उपअधीक्षकपद मिळाले. म्हणजे १९५५ मध्ये खाशाबांना जे दार उघडले तेच दार अधिक रुंद होऊन आजही उघडे आहे. परंतु त्या दाराशी किती जण पोहोचतात? २०२३ या एकाच वर्षात एकाहून अधिक वेळा महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. जानेवारीत अंतिम फेरीत उपविजेता ठरला तो सोलापूर जिल्ह्याचाच महेंद्र गायकवाड. नोव्हेंबरात किताब पटकावला तो माढ्याशेजारच्या मोहोळच्या सिकंदर शेखने. सिकंदरचे वडील हमाली करीत. आमच्या जिल्ह्याला या दोघांचा अभिमान वाटला तो योग्यच. पण किताब एका वर्षी एकाचा किंवा फार तर दोघांचा. उरलेल्यांची गणना शेकड्यांत होते. त्यांना ना किताब, ना नोकरी. असतो तो जत्रेचा मोसम, आणि तोही पावसाळ्यात बंद.

या उरलेल्यांची स्थिती रग्बीच्या प्रॉपशी ताडून पाहिली की आपले न्यून नेमके दिसते. तेथे १९९५ नंतर करार आला, पगार आला, विमा आला. त्याने सारे प्रश्न सुटले असे मात्र नाही. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या पहिल्या फळीत मधोमध उभा असलेला स्टीव्ह थॉम्प्सन याने २०२० च्या डिसेंबरात जाहीर केले की डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे ऐन चाळिशीत त्याला स्मृतिभ्रंश जडला असून तो विश्वचषक जिंकल्याचेही त्याला आठवत नाही. म्हणजे पगार मिळाला तरी शरीराची झीज थांबत नाही. किंबहुना पगारामुळे खेळ अधिक जोरकस झाला आणि झीजही वाढली, असा युक्तिवाद तेथे आज चालू आहे. परंतु तेथे निदान तो युक्तिवाद करता येतो, न्यायालयात दाद मागता येते, कारण खेळाडू हा कोणाचा तरी नोकर आहे आणि नोकराच्या देहाची जबाबदारी मालकावर येते. जत्रेच्या मैदानात गुडघा निखळला तर जबाबदारी कोणाची? इनाम पुकारणाऱ्याची? पंचांची? ग्रामदैवताची? हलगी तेवढी थोडा वेळ थांबते, आणि पुढची जोड आत येते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. राजाश्रय, कारखान्याचे मानधन, पोलीस खात्यातील जागा, जत्रेतले इनाम ही सर्व कृपेची रूपे आहेत, हक्काची नव्हेत. कृपा उदार असू शकते, शाहूंची तशी होतीच. पण ती दात्याबरोबर येते आणि दात्याबरोबर जाते. १९४८ आणि १९५२ या दोन प्रवासांतील फरक तेवढाच आहे. गडी तोच, ताकद पहिल्यापेक्षा वाढलेली, फक्त दाता गेलेला. पैलवानी ही साधना आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु गाणे हीही साधनाच आहे, आणि गवयाने बिदागी घेतली म्हणून त्याचा सूर हिणकस झाला असे आता कोणी मानत नाही. मग पैलवानाच्या बाबतीतच हा संकोच का? ज्या गावात कुस्ती तिच्या रकमेने ओळखली जाते त्या गावाने त्या रकमेतला एक वाटा पुकारण्याआधीच बाजूला काढावा, आणि तो मैदानात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या विम्यासाठी, औषधपाण्यासाठी ठेवावा. लाखाच्या कुस्तीतून असा वाटा निघाला तर लाखाची शान कमी होणार नाही.

येत्या मोसमात पुन्हा मैदाने भरतील. नारळाच्या कुस्तीला पहिली पोरे उतरतील. त्यांतले एखादे हरलेले पोर डोळे पुसत कडेला येऊन बसेल आणि कोणी तरी म्हातारा पैलवान, कान मोडलेला, गुडघ्यावर हात ठेवून, त्याला डाव कोठे चुकला ते समजावून सांगेल. त्या म्हाताऱ्याला त्या दिवशी मैदानात फेटा बांधतील, पुढे बसवतील. दुसऱ्या दिवशी तो काय करतो, कोठे राबतो, हे आम्ही आमच्या भागातल्या मैदानांच्या निमित्ताने विचारायला सुरुवात केली आहे. वाचकांनीही आपापल्या गावी ते विचारून पाहावे.